लाइनीपलीकडची नावं

"अहो, आज आवाज बसलाय तुमचा. गुळण्या केल्या नाहीत ना? मी सांगितलं होतं, मीठ-हळद घालून करा."

मार्थाबाई बोर्डासमोर बसून विचारत होत्या आणि शेजारच्या खुर्चीवर मी मांडीवरच्या वहीत वेळ टिपत होते. दहा वाजून चार मिनिटं ते दहा वाजून सहा. येवला. विषय : घसा.

ही गोष्ट १९८२ सालातली. मी एकवीस वर्षांची होते आणि कोपरगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागून मला चारच महिने झाले होते. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजला नंबर सांगून कॉल नोंदवावा लागे आणि मग वाट बघत बसावं लागे. आम्ही कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसायचो. कॉलचं तिकीट लिहायचं, दोरीचं टोक भोकात खुपसायचं, पलीकडच्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायची आणि लाइन जोडून द्यायची. आम्हा ऑपरेटर लोकांना एकमेकांची नावं माहीत नसत. गावाचं नाव हेच आमचं नाव. "येवला, कोपरगाव बोलतंय, सत्तावीस नंबर द्या." एवढंच बोलायचं, असा नियम होता.

तो नियम मार्थाबाई ओहोळ दिवसातून पन्नास वेळा मोडत.

त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. अंगाने काटकुळ्या, पांढरं सुती लुगडं, दर रविवारी चर्चला न चुकता जाणाऱ्या. लाइनीवर नवा आवाज आला, की त्या आधी नाव विचारायच्या आणि मग नंबर. पुढच्या वेळी त्या नावाने हाक मारायच्या. तिसऱ्या वेळी घरचं विचारायच्या आणि चौथ्या वेळी तिसऱ्या वेळचं सगळं त्यांच्या ध्यानात असायचं. एवढ्यावर त्या थांबत नसत. राहात्याच्या ऑपरेटरच्या बहिणीला शिवण शिकायचं होतं, तिला संगमनेरच्या ऑपरेटरच्या वहिनीचा क्लास त्यांनीच मिळवून दिला. त्या दोघी बायकांनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं आणि मार्थाबाईंनी दोघींपैकी एकीलाही पाहिलेलं नव्हतं.

मला हे सगळं अघळपघळ वाटे. माझे वडील गणिताचे शिक्षक. आमच्या घरात कामापुरतं बोलायची पद्धत होती. टेंभेकर साहेब आमचे सुपरवायझर. माणूस सरळ, पण नियमाला धरून चालणारा. कॉलसाठी ताटकळणारे व्यापारी त्यांच्याकडे गाऱ्हाणी घेऊन येत. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक वही दिली.

"कालिंदी, तू नीटनेटकी मुलगी आहेस. मार्थाबाई कामाशिवाय किती बोलतात ते महिनाभर टिपून ठेव. त्यांची निंदा करायची नाही, फक्त नोंद ठेवायची."

मला त्याचा अभिमान वाटला, हे आज कबूल करायला हवं. त्या दिवशी वहीचं अकरावं पान चालू होतं.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी मार्थाबाईंनी मागच्या टेबलावर डबा उघडला आणि बोर्ड माझ्याकडे आला. तेवढ्यात बोर्डावर गावातल्या डॉक्टर लोहाडेंच्या नंबरचा दिवा लागला. एरवी हळू, तोलून बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चिरकला होता.

"लाइटनिंग कॉल द्या. मालेगावचा एस. टी. स्टँड. लवकर!"

लाइटनिंग कॉल म्हणजे आठपट पैसे भरून सगळ्यांच्या आधी लागणारा फोन. सहा महिन्यांतून एखादा यायचा. मी तिकीट लिहायला घेतलं.

"बाई, लिहीत काय बसलात? बाटली बदललीय! सकाळी पोहेगावची एक माहेरवाशीण तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. खोकल्याचं औषध दिलं. पहिला डोस साडेदहाला माझ्यासमोर पाजला आणि पुढचा चार तासांनी द्यायला सांगितला. आता बघतोय तर तिची बाटली इथे टेबलावरच आहे. कंपाउंडरने तिच्या पिशवीत जखमा धुवायच्या औषधाची बाटली घातली. ते पोटात गेलं तर पोरीचा घसा, आतडी..." ते थांबले. "सव्वाअकराच्या धुळे गाडीने गेली ती. धुळ्याला नवरा कुठे असतो ते कोणालाच माहीत नाही. गाडीतच गाठायला हवी. हिरवं पातळ नेसलीय."

साडेदहा आणि चार तास. अडीच. तरी मी सगळं नियमाप्रमाणेच केलं. तिकिटावर वेळ घातली, मनमाडमार्गे मालेगाव मागितलं. पलीकडून बाईचा आवाज आला, "मालेगाव." मी स्टँडचा नंबर दिला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलेना. मी पुन्हा मागितला. पुन्हा घंटा. मग मी तिकिटावर 'उत्तर नाही' असं लिहिलं आणि डॉक्टरांना म्हणाले,

"साहेब, नंबर उत्तर देत नाही. कॉल रद्द करू की चालू ठेवू?"

हे वाक्य मी चार महिन्यांत शेकडो वेळा उच्चारलं होतं. त्या दिवशी पलीकडून फक्त श्वास ऐकू आला. ते वाक्य आठवलं की आजही मला मान खाली घालावीशी वाटते.

माझ्या डोक्यावरचा हेडफोन कोणीतरी काढून घेतला. मार्थाबाई होत्या. हात भाकरीने खरकटे तसेच होते. मलाही ऐकू यावं म्हणून त्यांनी दुसरा हेडफोन माझ्याकडे सरकवला आणि डॉक्टरांकडून सगळं पुन्हा ऐकून घेतलं.

"खैरून, मी मार्था. नीट ऐक, मध्ये बोलू नको." आणि चार वाक्यांत त्यांनी सगळं सांगितलं.

मालेगावचा तो कोरडा आवाज एकदम माणसाचा झाला. मार्थाबाईंना ती 'बाजी', म्हणजे मोठी बहीण, म्हणायची. "या अल्ला! बाजी, स्टँडचा फोन कालपासून बिघडलाय. घंटा इथे ऐकू येते, तिथे वाजतच नाही. आणि स्टँड इथून लांब आहे. मी माणूस पाठवेपर्यंत गाडी निघून जाईल."

मार्थाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. एक पस्तीस. "मग पुढे गाठू. मालेगाव सोडलं की झोडगं. बापूंना लाव."

झोडगं म्हणजे आग्रा रस्त्यावरचं खेडं. तिथे पोस्टात एक फोन होता आणि पोस्टमास्तर देवरे बापू तो सांभाळत.

"बाजी, दीड ते अडीच पोस्ट बंद असतं. बापू जेवायला गेले असतील."

"घर पोस्टाच्या मागेच आहे त्यांचं. मध्ये फक्त पडवी. पोस्टातली घंटा सुनेला स्वयंपाकघरात ऐकू जाते, त्यांनीच सांगितलंय मला. तू वाजवत राहा. कोणी काही म्हटलं तरी सोडू नकोस."

घंटा सुरू झाली. मिनिटभरात उत्तर आलं नाही तर लाइन सोडून द्यायची, असा आमचा नियम. मिनिट झालं. दोन झाली. खैरून घंटा फिरवत होती. मार्थाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मी मनातल्या मनात मोजत होते. चौथ्या मिनिटाला खट्कन आवाज झाला.

"झोडगं," कोणीतरी धापा टाकत म्हणालं. "कोन? आमचं जेवन चालू व्हतं."

"बापू, मी कोपरगावची मार्था."

"ताई, तुम्ही?" आवाज लगेच मवाळ झाला. "बोला. घरी सगळं बरं ना?"

त्यांनी सांगितलं. शिर्डी-धुळे गाडी, हिरवं पातळ, तीन वर्षांची मुलगी, पिशवीतली बाटली. बापूंनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त एवढंच म्हणाले, "ती गाडी आमच्याकडे थांबत नाही ताई. सुसाट जाते."

"मग?"

"थांबवतो. ताई, फोन खाली ठेवत नाही. टेबलावर ठेवून जातो."

त्यानंतरचा पाऊण तास मी कधी विसरणार नाही. कानात एका न पाहिलेल्या गावाचं न पाहिलेलं पोस्ट होतं. कोंबडा आरवला. कुठेतरी भांडं पडलं. लांबून ट्रक गेल्याची घरघर आली आणि विरली. बापू कुणाकुणाला हाका मारत गेले ते ऐकू आलं आणि मग काहीच नाही. एका बाजूला डॉक्टर लाइन धरून होते, मधे मनमाड होतं, मालेगाव होतं, आम्ही दोघी होतो आणि कोणीच बोलत नव्हतं. एकदा फक्त खैरून कुजबुजली, "बाजी, कापडाचे एक शेठ ओरडतायत, लाइन मागतायत. नाही देत मी."

दोन वाजून दहा मिनिटांनी टेंभेकर साहेब केबिनमधून बाहेर आले. बोर्डावर सहा दिवे लुकलुकत होते. मनमाडची एकुलती लाइन अडलेली, तिकिटावर 'उत्तर नाही' लिहिलेलं.

"ही लाइन कोणाच्या नावावर चालू आहे? मार्थाबाई?"

मार्थाबाईंनी त्यांच्याकडे न बघता फक्त एक बोट वर केलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.  मी माझ्या कानावरचा हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला. ते तसेच उभ्याने तो कानाशी धरून राहिले आणि मी मार्थाबाईंच्या डोक्याला डोकं लावून त्यांच्या हेडफोनमधून ऐकू लागले.

अडीचला तीन मिनिटं असताना हॉर्न ऐकू आला. लांब, खवळलेला. त्यावर माणसांचा गलका. "गाडं आडवं लावा रे! अजून पुढं घ्या!" बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, करकचून दाबलेला ब्रेक, ड्रायव्हरच्या शिव्या. मग गलका एकदम कमी झाला. मग बराच वेळ काही नाही. मार्थाबाईंचे ओठ हलत होते.

शेवटी पावलं वाजली. एक पाऊल जड, एक हलकं. कोणीतरी फोन उचलला, पण त्याला बोलता येण्याइतका दमच नव्हता.

"बापू?" मार्थाबाई म्हणाल्या.

"बाटली... माझ्या हातात आहे ताई."

"पाजली होती?"

"नाही. देवाची कृपा. मी गाडीत चढलो तेव्हा आईनं पोरीचं नाक दाबून धरलेलं. टोपण तोंडाशी होतं. वास उग्र, म्हणून पोरगी तोंड मिटून बसलेली. मी हातावर फटकाच मारला माउलीच्या. सगळं सांडलं माझ्या सदऱ्यावर. त्या बाईला वाटलं, मी वेडा आहे. कंडक्टर माझी गचांडी धरणार होता." मग ते हसले की रडले, कळलं नाही. "आता पोरगी आमच्या ओट्यावर बसून गूळ खातेय. गाडीही उभी आहे. सगळी गाडी खाली उतरलीय बघायला."

डॉक्टरांच्या लाइनीवरून पहिल्यांदा आवाज आला. त्यांनी बापूंना पोरीचे ओठ, जीभ बघायला सांगितलं. काही नव्हतं. मग ते मार्थाबाईंना म्हणाले, "नशीब थोर त्या मुलीचं. बाई, ते गृहस्थ तुमच्या नात्यातले का?"

"नाही डॉक्टर. मी त्यांना पाहिलेलं नाही."

"मग त्यांनी नुसत्या शब्दावर रस्त्यात बैलगाडी घातली?"

 मार्थाबाईंनी बापूंना "जेवण गार झालं असेल, जा आता" म्हटलं, खैरूनला "शेठना लाइन दे" म्हटलं आणि हेडफोन काढून ठेवला. 

 टेंभेकर साहेबांनी टेबलावरचं माझं तिकीट उचललं, वाचलं, 'उत्तर नाही' वर काट मारली. मग खिशातलं पेन काढून त्यांनी स्वतःच्या हाताने कोरं तिकीट भरलं. कोपरगाव ते झोडगे, मनमाड-मालेगाव मार्गे, अठ्ठावन्न मिनिटं. प्रकार या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'खात्याचे काम'. खाली सही केली आणि केबिनमध्ये निघून गेले.

सहा वाजता आमची पाळी सुटली. मार्थाबाई पायरीवर बसून चपलेचा अंगठा दुरुस्त करत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि वही पुढे केली.

"मी तुमच्यावर नजर ठेवून होते मार्थाबाई. महिनाभर टिपायला सांगितलं होतं मला."

"माहीत आहे." त्या वर न बघता म्हणाल्या. "तू टिपायला लागलीस की तुझी जीभ ओठाबाहेर येते. बस इथे."

मी बसले. त्यांनी चप्पल बाजूला ठेवली.

"मी तुझ्याहून घुमी होते कालिंदी. घरीदारी कोणाशी चार शब्द बोलायची नाही. चाळीसगावच्या एक्स्चेंजात होते तेव्हाची गोष्ट. पाचोऱ्याला एक बाई होती बोर्डावर. तीन वर्षं रोज तिचा आवाज ऐकला. सकाळी माझं पहिलं 'हॅलो' तिला असायचं. नवऱ्यालाही नाही, तिला. फार गोड आवाज. एक दिवस तिथून दुसराच आवाज आला. मी विचारलं, आधीच्या कुठे गेल्या? ती म्हणाली, 'त्या वारल्या. गुरुवारी. बाळंतपणात.' मी विचारलं, नाव काय हो त्यांचं? तर ती म्हणाली, 'मला माहीत नाही, मी आजच बदलीवर आलेय.'"

 समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, तो त्यांनी जाऊ दिला.

"त्या रविवारी चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी विचारलं, कोणाला कोणासाठी प्रार्थना करायची आहे? मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. आणि म्हणाले, पाचोऱ्यासाठी. ते म्हणाले, अख्ख्या गावासाठी? काही झालंय का तिथे? लोक वळून बघायला लागले. मला पुढे बोलताच येईना. तीन वर्षांची ओळख, आणि देवासमोर घ्यायला माझ्याकडे तिचं नाव नव्हतं."

मी वही मांडीवर ठेवली.

"दुसऱ्या दिवसापासून नाव विचारायला लागले. तोंडाला कोरड पडायची. लोकांना वाटायचं, हिला काय करायचंय. दहाजणांतले चारजण तुटकच बोलायचे. पण सहाजण बोलायचे ना." त्यांनी चप्पल पायात घातली. "आजचं जे झालं ते डोक्यात ठेवून कधीच कोणाशी बोलले नाही मी. बापूंना त्यांच्या डाळिंबांचं विचारायचे, कारण त्यांच्याशी डाळिंबांवर कोणी बोलत नव्हतं. बस, एवढंच."

वही त्यांनी घेतली नाही. मी ती दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर परत ठेवली. त्यांनी ती न उघडता खणात टाकली आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

त्याच दिवशी सकाळी सिन्नरचा कॉल होता. पलीकडे रोजचा तोच आवाज, जाडसर, तुटक. नंबर देऊन झाल्यावर मी धीर केला. खरंच तोंडाला कोरड पडली होती.

"सिन्नर, तुमचं नाव काय?"

 ती म्हणाली, "कशाला? तक्रार करायचीय का माझी?"

"नाही हो. असंच. चार महिने बोलतोय आपण."

बराच वेळ गेला. मला वाटलं, तिने लाइन सोडली.

"द्वारका," ती म्हणाली. "द्वारका वाजे. नऊ वर्षं झाली मला इथे. कोणी विचारलं नव्हतं."

मार्थाबाई १९८७ साली निवृत्त झाल्या. तोवर आपोआप लागणारे फोन येऊ घातले होते, आमचा बोर्डही उतरवायचा ठरला होता. निरोपाचा समारंभ एक्स्चेंजच्या अंगणात. टेंभेकर साहेबांनी हिशेब करून तीस खुर्च्या मांडल्या. चार वाजल्यापासून एस. टी.च्या गाड्यांतून माणसं उतरायला लागली. पाच वाजता अंगणात बसायला जागा नव्हती. कोणी नवऱ्याला घेऊन आलेलं, कोणी नातवंडांना. राहाता, येवला, संगमनेर, मनमाड, मालेगाव. सगळी एकमेकांकडे बघून ओशाळं हसत होती, कारण कोणीच कोणाला ओळखत नव्हतं.

मग एकेकजण मार्थाबाईंसमोर जायला लागलं. कोणी नाव सांगत नव्हतं. समोर उभं राहून फक्त गावाचं नाव घ्यायचं, रोज लाइनीवर घेत होतो तसं. बुरखा मागे टाकलेली एक गोरी, ठेंगणी बाई म्हणाली, "मालेगाव," आणि मार्थाबाई "खैरून!" म्हणून तिच्या गळ्यात पडल्या. काठी टेकत एक लहानखुरा म्हातारा आला. तो तोंड उघडायच्या आत मार्थाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "झोडगं," तो म्हणाला. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "बापू, तुम्ही एवढेसे आहात? मला वाटलं होतं, सहा फूट तरी असाल." सगळं अंगण हसलं. बापू लाजून पार खाली वाकले.

मी मागे भिंतीशी उभी राहून बघत होते. कोणीतरी खांद्याला हात लावला. वळून पाहिलं, तर एक उंच, सावळी बाई, कपाळावर मोठं कुंकू. मी तिला कधीच पाहिलेलं नव्हतं.

"सिन्नर," ती म्हणाली.

"द्वारका!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की लोकांनी वळून पाहिलं.

तिने माझे हात घट्ट धरले. आणि मग दोघींनाही काय बोलावं ते सुचेना. पाच वर्षं आम्ही रोज बोलत होतो. माझं लग्न ठरलं ते तिला आधी कळलं, तिच्या सासूचं आजारपण मी दिवसादिवसाने ऐकलं होतं. पण असं समोरासमोर, एकमेकींच्या तोंडाकडे बघत आम्ही कधी एक शब्दही बोललो नव्हतो. मी हसत होते, तीही हसत होती, आणि शब्द काही फुटत नव्हता.

शेवटी तिनेच डोळे घट्ट मिटून घेतले.

"हां," ती म्हणाली, "आता बोल."